कडूबाईनं मोडलेली फळी

मित्रांनो, वडवणी सोडून बीडच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर, बाभळींच्या आड, पत्र्याचं एक शेड दिसतं. त्या शेडमध्ये मी उभा आहे. मी एक जुनं यंत्र आहे. टाकाऊ प्लास्टिक आणि लाकडाचा भुसा पोटात घ्यायचा आणि जमिनीवर अंथरायच्या फळ्या बाहेर काढायच्या, हे माझं काम. आता मी थकलो आहे. पूर्वी सकाळी तापायला मला पाऊण तास पुरायचा, हल्ली दोन तास लागतात. तापल्यावरही मी कण्हत कण्हत फिरतो. तरी मला रोज सुरू करतात आणि मीही रोज सुरू होतो. माझी गोष्ट फार मोठी नाही. पण तिच्यात एका बाईनं आपला श्वास गमावला आहे, म्हणून ती सांगायची राहून जाऊ नये असं मला वाटतं.

माझा जन्म गुजरातेत झाला. माझं पोट म्हणजे पोलादाची एक लांब नळी. तिच्यात तेवढाच लांब स्क्रू फिरतो. वरच्या नरसाळ्यातून माल आत पडतो. नळीला बाहेरून हीटरचे पट्टे आवळलेले आहेत, त्यांच्या उष्णतेनं माल वितळतो, घुसळला जातो आणि पुढच्या साच्यातून आकार घेऊन बाहेर येतो. पहिली अकरा वर्षं मी एका शहरातल्या कारखान्यात पाइप काढले. तिथं मला नाव नव्हतं, नंबर होता. मग नवी यंत्रं आली आणि मला उचलून भंगाराच्या आवारात ठेवलं. दोन पावसाळे मी तिथं उघड्यावर काढले. माझ्या पायांशी एक कुत्री व्यायली, तिची पिलं मोठी होऊन निघून गेली, आणि मी तिथंच होतो.

एक दिवस राधाकिशन आला. तो मूळचा नांदूरघाटचा सुतार. गावात तयार दारं-चौकटी मिळायला लागल्यावर त्याचं काम कमी झालं, म्हणून तो वडवणीला लाकडाच्या वखारीजवळ येऊन राहिला होता. वखारीच्या मागं भुशाचा डोंगर साठायचा आणि दर आठवड्याला तो पेटवून द्यायचे. राधाकिशनला ते बघवायचं नाही. भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून फळ्या करतात हे त्यानं एका प्रदर्शनात पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्याला झोप लागत नव्हती.

त्यानं माझ्या अंगावरची माती हातानं पुसली, नळीवर बोटांनी टकटक केली आणि कान लावून ऐकलं.

"जुनं हाय," तो भंगारवाल्याला म्हणाला, "पर खोड चांगलं हाय."

मला आजवर कुणी झाड समजलं नव्हतं. मी त्याच्याबरोबर आलो.

सुरुवातीला आमचं काही जमेना. माझ्यातून निघणाऱ्या फळ्यांना अनारशासारखी जाळी पडायची. हातात घेतली की फळी हलकी लागायची आणि गुडघ्यावर दाबली की मोडायची. राधाकिशन महिनाभर विचार करत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की भुशात ओल आहे. ती माझ्या पोटात वाफ होते आणि फळीत पोकळ्या करते. तेव्हापासून तो भुसा पत्र्यावर पसरून दोन दोन दिवस उन्हात वाळवू लागला. मूठभर भुसा घ्यायचा, आवळायचा, मूठ उघडायची. भुसा वाळूसारखा सुटून खाली सांडला तर तो माझ्यासाठी तयार. गोळा झाला तर परत पत्र्यावर.

फळी तयार झाली की ती तो दोन दगडांवर आडवी ठेवायचा आणि स्वतः तिच्यावर उभा राहायचा. उभं राहून बघितल्याशिवाय एकही फळी शेडच्या बाहेर गेली नाही.

भुशाचं कोडं सुटलं, पण प्लास्टिकचं सुटलं नव्हतं. लोक काहीही आणून टाकायचे. ते निवडणारं माणूस पाहिजे होतं. ते माणूस आपल्या पायांनी चालत आलं.

उन्हाळ्यातली दुपार होती. शेडच्या दारात पन्नाशीची एक काटकुळी बाई उभी राहिली. डोक्यावर खताच्या गोणीचं गाठोडं होतं. ते तिनं राधाकिशनच्या पुढ्यात टाकलं.

"मिस्तरी, तुमी प्लास्टिक घेता म्हनं?"

"घेतो. काय हाय त्यात?"

"पिशव्या. बाजाराच्या मागल्या नाल्यातून येचून आनल्यात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ह्या उन्हाळ्यात माज्या तीन शेळ्या मेल्या. पोट फुगून. तिसरीचं पोट मालकानं फाडून बघितलं तर आत एवढा गोळा निघाला पिशव्यांचा." तिनं दोन्ही हातांनी तो दाखवला. "गाठ सुटंना त्याची. गाभन होती ती."

राधाकिशननं गाठोडं सोडून आतल्या पिशव्या हातात घेतल्या.

"हे तुमच्या मशिनीत गेलं की परत पिशवी होऊन भायेर येत न्हाई ना?"

"न्हाई. फळी होऊन येतं."

"मग घ्या," ती म्हणाली.

ती कडूबाई. चकलांब्याकडची. ती आणि तिचा नवरा धुळाजी शेळ्या-मेंढ्या घेऊन वडवणीच्या माळावर राहत होते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गाठोडं घेऊन आली, तिसऱ्या दिवशीही आली. आठवड्याभरानं राधाकिशननं तिला कामावरच ठेवलं.

मित्रांनो, कडूबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं. डब्याच्या बुडाशी प्लास्टिकची जात सांगणारे नंबर छापलेले असतात, ते तिला वाचता यायचे नाहीत. पण ती प्लास्टिकचा तुकडा कानाशी नेऊन चुरगाळायची, नखानं ओरखडायची, वास घ्यायची आणि त्याची जात सांगायची. तिनं त्यांना आपली नावं ठेवली होती. तेलाचे जाड डबे म्हणजे म्हशी. पातळ पिशव्या म्हणजे शेळ्या. ठिबकच्या काळ्या नळ्या म्हणजे मेंढरं. आणि बोअरचे, संडासाचे ते कडक पांढरे-राखाडी पाइप म्हणजे लांडगा.

लांडगा माझ्या पोटात जायला नको, हे राधाकिशननं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो इतरांसारखा वितळून मिसळत नाही. तो करपतो, आणि त्यातून विषारी वाफ निघते. ती माणसाच्या छातीत जाते आणि लोखंडालाही खाते. त्याला ओळखायची सोपी युक्ती होती. तुकडा पाण्याच्या बादलीत टाकायचा. आमच्या कामाचं प्लास्टिक तरंगतं. लांडगा बुडतो. कडूबाईची बादली दिवसभर तिच्याशेजारी असायची आणि ती शंका आलेला प्रत्येक तुकडा तिच्यात टाकून बघायची.

ती पाचसहा वर्षं आमची चांगली गेली. माझ्यातून गर्द तपकिरी फळी निघायची. ताजी असताना तिला भाजलेल्या लाकडाचा वास यायचा. कडूबाई ती गार करायच्या पाण्याच्या हौदातून काढून उन्हात आडवी ठेवायची. त्या फळ्या कुणाच्या ओसरीवर गेल्या, कुणाच्या दुकानात गेल्या. धुळाजीच्या शेळ्यांसाठी राधाकिशननं फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवून मचाण करून दिलं. पावसाळ्यात चिखलात उभं राहून त्यांची खुरं सडायची, ते थांबलं. एकदा पेपरवाले आले. माझा फोटो छापून आला. त्यात मी थोडा आणि डोंगराकडच्या एका गावचे सरपंच अर्जुनराव बरेच दिसत होते, पण आमच्या माणसांनी तो फोटो शेडमध्ये लावला.

अर्जुनरावांच्या त्या गावातूनच एक दिवस सत्यशीला आली. ती तिथल्या अंगणवाडीची ताई. तिची खोली काळ्या मातीवर बांधलेली. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोनदा घातलेली फरशी दोन्ही वेळा उखडली होती आणि खालून ओल यायची ती वेगळीच. सत्यशीलानं चपला काढल्या आणि आमच्या फळ्यांवरून अनवाणी चालून बघितलं.

"गार न्हाई लागत," ती म्हणाली. "माझी सव्वीस लेकरं बारा महिने ओलीवर बसतात. खोकला जातच न्हाई त्यांचा."

ठरलं. जमिनीपासून दीड फूट उंच लोखंडी सांगाडा करायचा आणि त्याच्यावर आमच्या फळ्या बसवायच्या. राधाकिशन त्या कामावर खूश होता. पण काम सुरू व्हायच्या आतच त्याची पाठ गेली. वर्षानुवर्षं वाकून काम केलेलं होतं. त्याला बीडला दवाखान्यात नेलं, मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी अंथरुणातून हलू नका म्हणून सांगितलं.

शेड सोमेश्वरनं सांभाळायला घेतलं. सोमेश्वर राधाकिशनच्या भावाचा मुलगा. तिशी ओलांडलेला, मोबाइलचं दुकान चालवलेला, चलाख. तो वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. चुलत्याचं नाव राखायचं एवढंच त्याच्या मनात होतं.

ऑगस्ट लागला आणि अर्जुनरावांचा फोन आला. फोनचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू येत होता.

"सोमेश्वर, पंधरा तारखेला झेंडावंदन झालं की लगेच अंगणवाडीचं उद्घाटन हाय. पावने सांगून ठेवलेत. चौदाला दुपारपर्यंत फळ्या पायजे."

"देतो की साहेब," सोमेश्वर म्हणाला.

आठ दिवस पाऊस उघडला नव्हता. पत्र्यावरचा भुसा दमट होता. निवडलेलं प्लास्टिक अर्ध्या कामाला पुरलं आणि संपलं. मग सोमेश्वरनं एका भंगारवाल्याकडून बारीक तुकडे केलेला माल पोत्यांत भरून आणला. सगळे तुकडे नखाएवढे. बघून काही कळत नव्हतं.

कडूबाईनं त्यातला ओंजळभर माल घेतला आणि बादलीत सोडला. निम्मे तुकडे तरंगले. निम्मे सरळ तळाला गेले.

"सोमेश्वर, हे न्हाई चालायचं. ह्यात लांडगा हाय."

"मावशी, एवढा बारीक माल हाय. मिसळून जाईल सगळा."

"मिसळत न्हाई तो. आन् भुसा बघितलास का? मुठीत गोळा व्हायलाय."

"मग करू काय मी?" सोमेश्वरचा आवाज चढला. "काकांनी एवढ्या वर्षांत एक तारीख चुकवली न्हाई. मी पयल्याच खेपंला चुकवू? सरपंचाला काय सांगू?"

"सांग, मशीन बिघडलं म्हून."

"मशीन कुटं बिघडलंय?"

मित्रांनो, त्या वेळी मी बिघडायला हवं होतं. एखादा पट्टा तुटायला हवा होता, एखादा हीटर जळायला हवा होता. पण माझी प्रकृती त्या दिवशी ठणठणीत होती. यंत्राला जे घालाल ते ते घेतं. सोमेश्वरनं पोतं नरसाळ्यात उपडं केलं आणि मी ते घेतलं.

पहिला अर्धा तास काही झालं नाही. कडूबाई नरसाळ्यापाशी उभी राहून, वरून पडणाऱ्या मालातून दिसेल तो पांढरा तुकडा बोटांनी उचलून बाहेर टाकत होती. मग माझ्या पोटात काहीतरी करपायला लागलं. साच्याच्या तोंडातून आणि नरसाळ्यातून वाफ बाहेर आली. ती नेहमीची, भाजल्या लाकडाची वाफ नव्हती. ती डोळ्यांना झोंबणारी, घशाला कापणारी होती. बाहेर पाऊस म्हणून शेडची दारं ओढून घेतलेली होती. कडूबाईनं ती वाफ सरळ छातीत घेतली.

ती खोकू लागली. तिला दिसेना. खोकत खोकत, भिंत चाचपत ती बोर्डापर्यंत गेली आणि तिनं माझा मुख्य खटका खाली ओढला. मी थांबलो. ती दार ढकलून बाहेर पावसात जाऊन बसली आणि तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागली. तिच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता.

सोमेश्वर घाबरला. त्यानं तिला पाणी दिलं, धुळाजीला बोलावलं, दोघांना रिक्षात बसवून दवाखान्यात पाठवलं. मग तो आत आला आणि माझ्यासमोर बराच वेळ नुसता उभा राहिला. मला वाटलं, आता तो सगळं बाहेर काढून टाकेल. त्यानं दोन्ही दारं उघडली, तोंडाला ओला रुमाल बांधला, हीटर थोडा कमी केला आणि खटका वर ढकलला.

मी सुरू झालो.

दोन दिवस आम्ही फळ्या काढल्या. दिसायला त्या नेहमीसारख्याच होत्या, तपकिरी आणि सरळ. चौदा तारखेला दुपारी त्या टेम्पोत चढल्या. सोमेश्वरनं एकही फळी दगडांवर ठेवून तिच्यावर उभं राहून पाहिलं नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. ते नंतर धुळाजीनं, माझ्याशेजारी बसून, राधाकिशनला सांगितलं. मी ऐकलं ते तुम्हाला सांगतो.

पंधरा तारखेला सकाळी कडूबाई अंथरुणावर पडून होती. तिनं डोळे उघडले आणि धुळाजीला विचारलं, "फळ्या गेल्या का?"

"कालच गेल्या. बसवल्यात म्हनं."

ती उठून बसली आणि लुगड्याचा पदर खोचू लागली. "चला."

"कुटं चला? तुला चार पावलं चालवंना."

"एसटीत चालावं लागत न्हाई," ती म्हणाली.

ती दोघं गावात पोचली तेव्हा झेंडावंदन होऊन गेलं होतं. अंगणवाडीला पताका लावल्या होत्या. दाराला लाल फीत होती. बाहेर सव्वीस लेकरं हातात कागदी झेंडे घेऊन रांगेत उभी होती, आणि आत कधी सोडतात म्हणून जागच्या जागी उड्या मारत होती. सत्यशीला त्यांना आवरत होती. अर्जुनराव पाहुण्यांना घेऊन दाराकडे निघाले होते.

कडूबाई गर्दीतून वाट काढत सत्यशीलापाशी गेली. "ताई, लेकरांला आत सोडू नगा."

अर्जुनरावांनी ऐकलं. "कावून सोडू नये? कोन हाय ही बाई?"

"फळी कच्ची हाय. माज्याच शेडातली हाय, म्हून सांगती."

"मी सोता काल चालून बघितलंय तिच्यावर."

"एक मानूस जपून चालतो ते येगळं. सव्वीस लेकरं एकदम नाचत्याल तवा?"

लोक कुजबुजू लागले. हिला कुणी शिकवून पाठवलंय, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. कडूबाईनं सोमेश्वरकडं पाहिलं. तो फीत कापायच्या कात्रीचं ताट धरून उभा होता. त्यानं मान खाली घातली.

उरलेल्या चार फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. कडूबाईनं त्यातली एक ओढली. धुळाजीनं दोन विटा आणून दिल्या. विटांवर फळी आडवी ठेवली आणि कडूबाई तिच्यावर चढली. ती बाई म्हणजे नुसती हाडं. लोक हसले. तिनं पदर आवळला आणि एक उडी मारली. फळी टिकली. तिनं दम घेतला. छातीतली शिट्टी सगळ्यांना ऐकू येत होती. तिनं दुसरी उडी मारली.

फळी मधोमध मोडली. कडूबाई खाली पडली आणि मोडलेल्या टोकानं तिची नडगी सोलून काढली. ती उठली नाही. उठायला तिच्यात श्वासच नव्हता. तिनं नुसतं बोट करून फळीचं तोंड दाखवलं. आत जाळी होती, आणि जाळीत न वितळलेले पांढरे तुकडे दातांसारखे दिसत होते.

सत्यशीला सरळ दारात जाऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात आडवे केले. अर्जुनराव खाली बसले. त्यांनी फळीचा तुकडा उचलून अंगठ्यानं दाबला, त्याचा चुरा झाला. त्या माणसाबद्दल मी पूर्वी हसून बोललो, पण त्या दिवशी त्यांनी फीत कापली नाही. पाहुण्यांना ते म्हणाले, "माफ करा, आज न्हाई." मग सोमेश्वरकडं वळून म्हणाले, "सगळ्या काढ. एक ठिऊ नको."

टेम्पो परत आला. सोमेश्वरनं प्रत्येक फळी स्वतः उतरवली. कुणाला हात लावू दिला नाही.

नऊ दिवसांनी राधाकिशन कमरेला पट्टा बांधून आला. त्याला कुणीतरी सगळं सांगितलं होतं. तो त्या ढिगाजवळ उभा राहिला. सोमेश्वर त्याच्या मागं.

"तू उभा राहून बघितलं हुतंस का?" राधाकिशननं विचारलं.

"न्हाई काका."

"कावून?"

"मोडंल म्हून," तो म्हणाला. आणि मग तो मोठा माणूस तोंड झाकून रडला.

राधाकिशन त्याच्यावर ओरडला नाही. पण त्यानं त्याला जवळही घेतलं नाही. तो माझ्याकडं आला, नळीवर बोटांनी टकटक करून ऐकलं आणि निघून गेला. शेडला कुलूप लागलं.

ते सात-आठ महिने मला नको वाटतात. करपलेला माल माझ्या पोटात दगडासारखा बसला होता. त्या वाफेनं माझं आतलं पोलाद खाल्लं होतं, वरून दमट हवेनं गंज चढला. नरसाळ्यात चिमण्यांनी घरटं केलं. ज्या लोकांनी माझा फोटो पाहिला होता तेच रस्त्यानं जाताना बोट दाखवून म्हणायचे, हेच ते, लेकरांच्या पायाखाली कच्च्या फळ्या घालणारं. मला वाईट वाटायचं, पण ते खोटं बोलत नव्हते.

शेडच्या मागं त्या फळ्यांचा ढीग अजून आहे. आमच्याकडं एखादी फळी चुकली तर ती दळून पुन्हा मला घालता येते. त्या फळ्यांचं तसं करता येत नाही, कारण लांडगा त्यांच्यात आहे. त्या कुजत नाहीत. त्या जाळूही नयेत. जे नाल्यात पडलं होतं त्याचं काहीतरी चांगलं करायला आम्ही निघालो होतो, आणि घाईच्या दोन दिवसांत आम्ही त्याच्याहून वाईट काहीतरी करून ठेवलं.

आणि कडूबाई. तिची नडगी बरी झाली, छाती झाली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आता चढ चढायचा नाही, धुरात बसायचं नाही. जनावरांमागं फिरणं संपलं. धुळाजीनं अर्धी शेरडं भावाच्या हवाली केली आणि उरलेली तो एकटाच राखू लागला. माळावरच्या झोपडीत ती दिवसभर बसून असायची, असं मी ऐकलं.

उन्हाळा लागला तेव्हा एक दिवस कुलूप वाजलं. सोमेश्वर आला होता. एकटा. त्यानं चिमण्यांचं रिकामं घरटं काढून बाभळीवर नेऊन ठेवलं आणि मला खोलायला बसला. राधाकिशन खुर्चीवर बसून सांगायचा आणि सोमेश्वर करायचा. स्क्रू बाहेर ओढला. नळीतला करपलेला काळा थर पितळेच्या पट्टीनं खरवडला, कारण लोखंडाची पट्टी लागली असती तर मी आणखी सोललो असतो. हे काम तीन आठवडे चाललं. सोमेश्वरच्या बोटांची सालं गेली. त्या तीन आठवड्यांत त्यानं मोबाइल हातात घेतलेला मी पाहिला नाही.

सगळं साफ झाल्यावर तो माळावर गेला आणि कडूबाईच्या झोपडीपुढं उभा राहिला. काय बोलला ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये होती. तिच्यासाठी दाराजवळ, मोकळ्या वाऱ्याला, बाज टाकली होती. ती बसूनच निवडते. तिला उठावं लागू नये म्हणून सोमेश्वर माल तिच्यापुढं आणून ठेवतो, आणि तिनं हात हलवून नको म्हटलं की पोतं तसंच उचलून बाहेर नेतो. विचारत नाही, कावून म्हणून.

गेल्या महिन्यात सत्यशीला आली. तिच्या लेकरांनी सबंध पावसाळा आणि हिवाळा पुन्हा गोणपाटावर काढला होता. अर्जुनराव शहरातून तयार फरशी आणू म्हणत होते. तिनंच नाही म्हटलं होतं.

तिला पाहून राधाकिशन खुर्चीतून उठायला लागला. "ताई, तुमी परत आमच्याकडं आलात?"

"दुसरीकडं गेले असते," सत्यशीला म्हणाली, "पण तिथली फळी कच्ची निघाली तर मला कोन येऊन सांगनार?" तिनं कडूबाईकडं पाहिलं. कडूबाईनं निवडायचं थांबवलं नाही, फक्त पदर नीट केला.

राधाकिशननं खोटं काही सांगितलं नाही. "मशीन थकलंय, ताई. आतून खाल्लं गेलंय. पूर्वीवानी माल निघत न्हाई. भुसा उन्हात वाळवावा लागतो. दोन म्हयने लागतील. कदाचित तीन."

"लागू द्या," ती म्हणाली.

मित्रांनो, कारखान्यात आणि इथं मिळून मी अठरा वर्षं काम केलं. हे दोन शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

माझं आता फार उरलेलं नाही. हे काम पुरं होईपर्यंत टिकावं, एवढीच माझी इच्छा आहे. तुमच्याकडं मात्र एक मागणं आहे. घरातलं प्लास्टिक नाल्यात टाकू नका, कुणाच्या तरी शेळीच्या पोटात ते जातं. ते निवडून वेगळं ठेवा. आणि तुम्ही मोठे होऊन माझ्यासारख्या एखाद्या यंत्रापुढं उभे राहिलात, तर हे लक्षात असू द्या की यंत्राला स्वतःहून थांबता येत नाही. त्याला थांबवावं लागतं. जे माणूस थांबवायला सांगत असेल, त्याचं ऐका. ते अडाणी असेल, म्हातारं असेल, खोकत असेल, तरी ऐका.

आज बावीस फळ्या तयार झाल्या आहेत. सोमेश्वर प्रत्येकीवर उभा राहिला. चार फळ्या कडूबाईनं बाजूला काढायला लावल्या. त्या दळून मी उद्या पुन्हा घेईन. अजून बऱ्याच व्हायच्या आहेत, पण बाहेर ऊन चांगलं आहे आणि पत्र्यावर भुसा वाळतो आहे.